मोरचूद : त्याची कृति व त्याचे उपयोग

शाळेंतील जुनीं पुस्तकें बांधावयास दिलीं, म्हणजे बुकबाइंडर प्रथम मैद्याची खळ शिजवितो. खळ घट्ट होत आली कीं, तो एका डबींतून निळ्या खड्याची चिमूटभर पूड काढून तींत टाकतो. असें कां करितां, म्हणून आम्हीं एकदां एका वृद्ध कारागिरास विचारिलें. तेव्हां तो हंसून म्हणाला, "मास्तर, यानें कसर लागत नाहीं. हें घातलें नाहीं, तर तुमच्या पोरांच्या आधीं किडेच पुस्तक वाचून संपवतील."

तो निळा खडा म्हणजे मोरचूद. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनीं तें रसायनशास्त्राच्या तासाला कॉपर सल्फेट या नांवानें पाहिलें असेल. ज्यांच्या घरीं द्राक्षाची किंवा संत्र्याची बाग आहे, त्यांनीं तें पोत्यांनीं पाहिलें असेल. परंतु जी वस्तु आपण नित्य पाहतों, तिचा विचार आपण क्वचितच करितों. पुस्तकांची कसर दूर ठेवणाऱ्या याच पदार्थानें एके काळीं एका सबंध देशाच्या द्राक्षबागा वांचविल्या. आणि हाच पदार्थ पोटांत गेला, तर तो मनुष्याचा प्राणहि घेऊं शकतो. तो कसा तयार होतो, कशाकशाच्या उपयोगीं पडतो, आणि त्याच्याशीं आपण कोणत्या रीतीनें वागावें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द सांगतों. मोरचुदाचा रंग एकदां पाहिला म्हणजे त्याच्या नांवांत मोर कसा आला, हें निराळें सांगावें लागत नाहीं. संस्कृतांत यास तुत्थ म्हणतात, व हिंदींतील 'नीला थोथा' या नांवांत तोच शब्द रूप बदलून आला आहे. अमरकोशांत तुत्थाचीं जीं पर्यायनामें दिलीं आहेत, त्यांत 'शिखिग्रीव' व 'मयूरक' हीं दोन आहेत. शिखी म्हणजे मोर व ग्रीवा म्हणजे मान. तेव्हां मोराच्या मानेचा रंग या खड्यांत आपल्या पूर्वजांनाहि दिसला होता, हें उघड आहे.

आतां हा पदार्थ मूळचा काय आहे तें पाहूं. मोरचुदांत तांबें, गंधक, प्राणवायु व पाणी इतक्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. वजनाचे १०० भाग मोरचूद घेतलें, तर त्यांत सुमारें २५ भाग तांबें व ३६ भाग पाणी असतें; उरलेले ३९ भाग गंधक व प्राणवायु यांचे असतात. कोरड्या ठणठणीत खड्यांत एक तृतीयांशाहून अधिक पाणी आहे, हें ऐकून आश्चर्य वाटेल. पण प्रयोगानें त्याची खात्री पटते. शिक्षकांच्या देखरेखीखालीं थोडी पूड परीक्षानळींत घालून मंद आंचेवर तापवावी. नळीच्या वरच्या थंड भागीं पाण्याचे थेंब जमतात, निळा रंग फिका होत जातो, आणि २५० अंश सेंटिग्रेडच्या सुमारास सर्व पाणी निघून जाऊन पांढरी पूड मागें राहते. ही पूड थंड झाल्यावर तिजवर पाण्याचा एक थेंब टाकावा. तत्काळ ती पुन्हां निळी होते, व हातास उष्णताहि जाणवते. ज्या रंगास आपण मोरचुदाचा रंग म्हणतों, तो स्फटिकांतील पाण्यावांचून टिकत नाहीं. एखाद्या द्रवांत पाण्याचा अंश आहे किंवा नाहीं, हें ओळखण्यासाठीं रसायनशास्त्रज्ञ या पांढऱ्या पुडीचा उपयोग करितात, तो याच कारणानें.

मोरचूद बनविण्यास तांबें व गंधकाम्ल हीं दोन द्रव्यें मुख्यतः लागतात. परंतु तांब्याचा तुकडा सौम्य गंधकाम्लांत नुसता टाकून ठेविला, तर त्यावर कांहींच परिणाम होत नाहीं. जस्त किंवा लोखंड अशा अम्लांत बुडबुडे सोडीत विरघळतें. तांबें मात्र स्वस्थ पडून राहतें. तीव्र व उष्ण गंधकाम्लांत तें विरघळतें खरें, पण तेव्हां अर्धें अम्ल फुकट जातें व घसा जाळणारा गंधकाचा वायु बाहेर पडतो. म्हणून कारखान्यांत निराळी युक्ति करितात. तांब्याच्या तारांचे तुकडे, जुन्या भांड्यांची मोड, पत्र्यांचीं कात्रणें वगैरे माल उंच टाक्यांत भरतात. वरून ऊन व सौम्य गंधकाम्ल झिरपत ठेवितात, आणि खालून हवा सोडितात. हवेंतील प्राणवायूच्या साह्यानें तांब्याचा थर सावकाश अम्लांत उतरूं लागतो. जें काम एकट्या अम्लास साधत नाहीं, तें हवेच्या मदतीनें होतें. तांबें शुद्ध करण्याच्या कारखान्यांतून जो निळा द्रव वेळोवेळीं काढून टाकावा लागतो, त्यापासूनहि पुष्कळ मोरचूद मिळतें.

अशा रीतीनें तयार झालेलें निळें द्रावण गाळून, आटवून थंड होऊं देतात. मोरचुदाचा एक गुण येथें कारखानदाराच्या उपयोगीं पडतो. बर्फाइतक्या थंड पाण्याच्या १०० भागांत सुमारें ३२ भाग मोरचूद विरघळतें; उकळत्या पाण्याच्या १०० भागांत सुमारें २०० भाग विरघळतें. त्यामुळें उष्ण व दाट द्रावण निवूं लागलें, म्हणजे जास्तीचें मोरचूद त्यांत राहूं शकत नाहीं, व तें स्फटिकरूपानें तळाशीं व कडांस जमतें. द्रावण जितकें सावकाश निवेल, तितके खडे मोठे व रेखीव होतात. आमच्या प्रयोगशाळेंतील मुलांनीं दोऱ्यास बांधून वाढविलेले खडे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस हें निराळें सांगावयास नको.

या द्रावणाचा आणखी एक चमत्कार सांगितला पाहिजे, कारण पुढें त्याचें काम पडणार आहे. स्वच्छ घांसलेली लोखंडी सुरी मोरचुदाच्या पाण्यांत बुडवून काढिली, तर तिजवर तांबूस थर चढलेला दिसतो. लोखंडाचें तांबें झालें, असा भ्रम यामुळें पूर्वीच्या कांहीं किमयागारांस झाला होता. वास्तविक सुरीचें थोडें लोखंड पाण्यांत जातें, व त्याच्या जागीं पाण्यांतील तांबें येऊन बसतें, इतकाच हा अदलाबदलीचा व्यवहार आहे.

येथवर मोरचुदाची कृति झाली. आतां त्याचा जो सर्वांत मोठा उपयोग, त्याची हकीकत सांगतों. इ. स. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर करपा पडला. तेथील गरीब लोकांचा सारा निर्वाह बटाट्यावर असे. हिरवीं शेतें पाहतां पाहतां काळीं पडलीं, व जमिनींतले बटाटे सडून गेले. पुढील वर्षांतहि तीच दशा झाली. या दुष्काळांत सुमारें १० लक्ष माणसें भुकेनें व रोगानें मेलीं, आणि तितक्याच लोकांनीं देशत्याग केला. बुरशीसारखा एक सूक्ष्म जीव या अनर्थाच्या मुळाशीं होता. परंतु त्या वेळीं बहुतेक विद्वानांस देखील हें पटत नव्हतें. वाईट हवेमुळें झाड प्रथम सडतें व बुरशी त्यावर मागाहून येते, असाच त्यांचा समज होता.

आणि खेदाची गोष्ट ही कीं, या रोगाचा शत्रु मनुष्याच्या हातीं त्यापूर्वींच आलेला होता. बेनेदिक्त प्रेव्हो नांवाचा एक अध्यापक फ्रान्सांतील मोंतोबां या गांवीं गव्हावरील काणी या रोगाचा अभ्यास करीत असे. तांब्याच्या भांड्याशीं संबंध आलेल्या पाण्यांत काणीचे बीजाणु रुजत नाहींत, असें त्याच्या दृष्टीस पडलें. त्यानें या गोष्टीचा पाठपुरावा केला, व पेरण्यापूर्वीं बियाणें मोरचुदाच्या पाण्यांतून काढल्यास काणी टळते, हें इ. स. १८०७ सालीं प्रसिद्ध केलें. आपल्या घरोघरीं तांब्याचे हंडे व घागरी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण त्यांतील पाण्यांत काय घडतें, हें सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं घालून पाहण्याची जिज्ञासा फार थोड्यांस होते. प्रेव्होच्या शोधाचा उपयोग कांहीं शेतकऱ्यांनीं बियाण्यापुरता केला. परंतु उभ्या पिकाच्या पानांवर तांबें शिंपडावें, ही कल्पना पुढें पाऊणशें वर्षें कोणाच्या मनांत रुजली नाहीं. मधल्या काळांत आयर्लंड उपाशी मेला.

ती कल्पना अखेर रुजली, ती द्राक्षांच्या चोरीमुळें. फ्रान्सांतील द्राक्षवेलींच्या मुळांस लागणाऱ्या एका किडीवर उपाय म्हणून अमेरिकेंतून वेली आणल्या गेल्या. त्यांच्याबरोबर केवडा हा नवा रोग आला, व इ. स. १८७८ सालीं तो फ्रान्सांत प्रथम दिसून आला. या रोगानें पानें अकालीं गळतात, व पानांवांचून द्राक्षें पिकत नाहींत. इ. स. १८८२ च्या ऑक्टोबरांत बोर्डो येथील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक मिलार्दे हे मेदोक प्रांतांतील सें-झ्युलियां गांवच्या रस्त्यानें चालले होते. सर्व मळे उघडेबोडके झालेले असतां रस्त्याच्या कडेच्या वेली मात्र हिरव्यागार पानांनीं भरलेल्या त्यांस दिसल्या, व त्या पानांवर निळसर पांढरे डाग होते. चौकशी करितां मळ्याच्या व्यवस्थापकाकडून असें समजलें कीं, येणारे जाणारे लोक रस्त्याकडेचीं द्राक्षें तोडून खातात. तीं विषारी आहेत असें वाटून त्यांनीं हात लावूं नये, म्हणून तांब्याचा क्षार व चुना कालवून तेवढ्याच वेलींवर शिंपडण्याचा त्या बाजूस प्रघात होता.

त्या रस्त्यानें शेंकडों लोक गेले असतील, आणि हिरवीं पानें त्यांनींहि पाहिलीं असतील. परंतु 'येथेंच कां?' हा प्रश्न मिलार्दे यांनीं विचारिला. रसायनज्ञ गेयों यांच्या साह्यानें त्यांनीं अनेक प्रयोग केले, व इ. स. १८८५ सालीं आपली कृति जाहीर केली. तेंच बोर्डो मिश्रण होय. लवकरच बटाट्याच्या करप्यावरहि तें गुणकारी ठरलें. आयर्लंडच्या दुष्काळास तेव्हां ४० वर्षें होऊन गेलीं होतीं.

हें मिश्रण कसें काम करितें, हें नीट समजून घेतलें पाहिजे. मोरचूद एकटेंच पानावर शिंपडलें, तर तें पानच जाळतें. चुन्याशीं संयोग झाला म्हणजे तांबें सहज न विरघळणाऱ्या रूपांत जातें, पानावर निळसर थर धरून बसतें, व दंवाच्या ओलाव्यांत कणाकणानें सुटत राहतें. तेवढा अंश पानास सोसतो, पण रुजूं पाहणाऱ्या बीजाणूस तो सोसत नाहीं. तेव्हां हें मिश्रण म्हणजे चिलखत आहे; शरीरांत शिरलेला बाण काढण्याचें सामर्थ्य चिलखतांत नसतें. रोग पानाच्या आंत शिरल्यावर फवारणी करून फारसें साधत नाहीं.

आपल्या देशांतहि या निळ्या मिश्रणाचे उपकार थोडे नाहींत. नाशिक व सांगली या बाजूंस ऑक्टोबर छाटणीनंतर कोंवळी फूट निघते, त्याच वेळीं पाऊस व धुकें आलें म्हणजे केवड्याची धास्ती पडते. विदर्भांतील संत्र्याच्या झाडांस डिंक्या रोग होऊं नये, म्हणून बुंध्यास दाट बोर्डो मलम लावितात. कोंकणांत व गोव्यांत पावसाळ्यांत सुपारीचीं हिरवीं फळें कुजून गळतात, त्यास कोळेरोग म्हणतात. त्यावर पावसाच्या आरंभीं बोर्डो मिश्रणाची फवारणी करण्याचा परिपाठ आहे. म्हैसूर संस्थानांत लेस्ली कोलमन या शास्त्रज्ञानें इ. स. १९१० च्या सुमारास या रोगाचा अभ्यास करून हाच उपाय बागाइतदारांस दाखवून दिला होता.

एक टक्का मिश्रणाची कृति सोपी आहे. १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यांत, व १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटर पाण्यांत निराळा विरवून गाळून घ्यावा; मग मोरचुदाचें पाणी सावकाश चुन्याच्या पाण्यांत ओतीत लांकडी काठीनें ढवळावें. भांडीं मातीचीं, लांकडाचीं किंवा प्लॅस्टिकचीं असावींत. लोखंडाचीं असूं नयेत. त्याचें कारण वर सांगितलेल्या सुरीच्या प्रयोगावरून वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. शेवटीं घांसलेला लोखंडी विळा मिश्रणांत मिनिटभर बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला, तर मोकळें तांबें उरलें आहे असें समजून आणखी चुना घालावा. विळा जसाच्या तसा निघाला, म्हणजे मिश्रण शिंपडण्यास योग्य झालें. तें त्याच दिवशीं वापरून संपवावें.

ही परीक्षा क्षुल्लक वाटते, पण ती न केल्याचें फळ आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. निफाड तालुक्यांतील आमच्या परिचयाच्या एका बागाइतदाराच्या मुलानें आभाळ आलेलें पाहून पहांटे घाईघाईनें मिश्रण केलें. चुना जुना व निकस झालेला होता; विळा बुडवून पाहण्यास त्यास सवड वाटली नाहीं. दोन दिवसांनीं आम्ही त्या बागेंत गेलों, तेव्हां कोंवळ्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या. म्हाताऱ्या वडिलांनीं एक करपलेलें पान खुडून मुलाच्या हातावर ठेविलें व इतकेंच म्हटलें, "अरे, विळा बुडवला असतास तर मिनिटाचं काम होतं. आतां वर्षाची फूट गेली." त्या मुलानें मान खालीं घातली. रोगापासून बाग वांचविणारें द्रव्यच त्या दिवशीं बागेचा रोग झालें होतें.

शेतीवांचून इतर व्यवहारांतहि मोरचूद पुष्कळ ठिकाणीं उपयोगीं पडतें. इ. स. १८३६ सालीं डॅनियल या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें मोरचुदाच्या द्रावणाचा उपयोग करून जो विद्युत्‌घट बनविला, त्याच्या स्थिर प्रवाहाचें साह्य त्या काळच्या तारायंत्रास झालें. विजेच्या साह्यानें इतर धातूंवर तांब्याचा मुलामा चढविण्यास हेंच द्रावण लागतें. मेंढ्यांच्या खुरांस सड लागली, तर त्यांचे पाय मोरचुदाच्या सौम्य पाण्यांतून काढितात. तलावांतील शेवाळ मारण्यासाठीं तें अत्यल्प प्रमाणांत घालण्याची रीत अमेरिकेंत इ. स. १९०४ पासून प्रचारांत आली. लघवींतील साखर ओळखण्याच्या ज्या जुन्या परीक्षा आहेत, त्यांतील निळा द्रवहि मोरचुदापासूनच होतो. रक्तपेढींतील उपयोग तर फारच मनोरम आहे. १.०५३ विशिष्ट गुरुत्वाच्या मोरचुदाच्या द्रावणांत रक्तदात्याच्या बोटाचा एक थेंब सोडितात. थेंब झटकन बुडाला, तर त्याच्या रक्तांत दर १०० मिलिलिटरांस निदान १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे असें समजतात. तरंगत राहिला, तर त्या दात्याचें रक्त न घेतां त्यासच जपावयास सांगतात.

इतके गुण सांगितल्यावर दोष झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. मोरचूद हें विष आहे. पूर्वीं वांतीचें औषध म्हणून तें पोटांत देत असत. पण त्यानें आंतडीं भाजतात, रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात, मूत्रपिंडें व यकृत निकामी होतात, असें दिसून आल्यावर वैद्यकानें ती चाल टाकून दिली. थोड्या ग्रॅमांनींहि मनुष्य दगावूं शकतो. त्याचे खडे लहान मुलांस निळ्या खडीसाखरेसारखे दिसतात. म्हणून तें खाण्याच्या डब्यांत किंवा बाटलींत कधींहि ठेवूं नये, कुलपांत ठेवावें. चुकून कोणाच्या पोटांत गेल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडतां, वांतीहि न करवितां, त्यास तत्काळ इस्पितळांत न्यावें. माशांस तर हें फारच घातक आहे. फवारणीचें उरलेलें पाणी ओढ्यांत किंवा विहिरींत टाकणें हा अपराध समजला पाहिजे.

दुसरा दोष सावकाश दिसून येणारा आहे. तांबें हें मूलद्रव्य असल्यामुळें तें कुजत नाहीं किंवा नाहींसें होत नाहीं. पानांवरून जें धुऊन जातें, तें मातींत सांचत राहतें. शंभर वर्षें फवारणी झालेल्या युरोपांतील द्राक्षमळ्यांच्या जमिनींत तें इतकें सांचलें कीं, गांडुळांस व मातींतील इतर उपयुक्त जीवांस त्याचा उपसर्ग होऊं लागला. म्हणून युरोपीय संघानें इ. स. २०१९ पासून दर हेक्टरीं ७ वर्षांत मिळून २८ किलोंहून अधिक तांबें वापरूं नये, असा निर्बंध घातला. वर्षानुवर्षें हा फवारा नाकातोंडांत गेलेल्या मजुरांच्या फुप्फुसांस होणारा एक विकार पोर्तुगालांतील वैद्यांनीं इ. स. १९६९ सालीं वर्णन केला आहे. फवारणाऱ्यानें नाकातोंडास आवरण घ्यावें व वाऱ्याच्या तोंडास उभें राहूं नये, हें मालकानें आपल्या मजुरास आवर्जून सांगितलें पाहिजे, व आवरणहि स्वतः आणून दिलें पाहिजे.

मग मोरचूद चांगलें म्हणावें कीं वाईट? आमचें उत्तर असें कीं, हा प्रश्न मोरचुदास नव्हे, तें हातीं धरणाऱ्यास विचारावा. रक्तपेढींत तें काट्यानें तोलतात, बागेंत विळ्यानें पारखतात. आणि बुकबाइंडरची ती चिमूट देखील मोजलेलीच असते. जेथें मापाचा विसर पडला, तेथें तेंच द्रव्य पानें जाळतें, माती नासवितें व मनुष्यास मारतें. प्रेव्होनें सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें, मिलार्दे यांनीं वाटेंत थांबून विचारिलें, म्हणूनच या निळ्या खड्याचा गुण जगास कळला. आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंतील निळी बाटली हातीं घेतांना या दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या : जें दिसेल त्याविषयीं प्रश्न करावा, आणि जें वापरावयाचें तें मोजून वापरावें. एवढें साधलें, तर हा लेख लिहिण्याचे आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.